खोटी चिठ्ठी आणि तानसाचा पिंगळा

पिंगळा हें नांव महाराष्ट्रांत दोघांना आहे. पहांटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा पिंगळा जोशी हा एक. आणि ज्याच्या बोलण्याचा अर्थ आपणांस उमगतो असें तो जोशी सांगतो, तें वीतभर उंचीचें घुबड हा दुसरा. हा दुसरा पिंगळा गांवाचा शेजारी आहे. जुन्या वाड्याची वळचण किंवा वडाची ढोली त्याला पुरते. पण याचाच एक भाऊबंद रानांत राहतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद, पोट पांढरेंशुभ्र, पाय आणि नखें त्याच्या आकाराला न शोभतील इतकीं दणकट. आणि घुबडाच्या कुळांत जन्मूनही तो दिवसाढवळ्या उन्हांत बसतो. हा रानपिंगळा. एका खोट्या चिठ्ठीपायीं या पक्ष्याचा शोध अनेक वर्षें भलत्या वाटेनें गेला, आणि अखेरीस तो मुंबईकरांच्या पाण्याच्या तळ्याकांठीं, शहापूर तालुक्यांत, सांपडला.

आजच्या छत्तीसगड राज्यांत मोडणाऱ्या फुलझर भागांत १८७२ सालीं एफ. आर. ब्लुइट या गृहस्थांनीं या जातीचा पहिला नमुना मिळविला. पुढील वर्षीं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून ह्यूम सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांचा खरा जीव पांखरांत गुंतलेला होता. हा पक्षी नेहमींच्या पिंगळ्यांहून इतका वेगळा वाटला कीं त्यासाठीं त्यांनीं स्वतंत्र प्रजातीच कल्पिली व तिला ‘हेटरोग्लॉक्स’, म्हणजे ‘निराळें घुबड’, असें ग्रीक नांव दिलें. जातीच्या नांवांत मात्र ब्लुइट यांचें स्मरण ठेविलें. पुढें व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञास ओरिसाच्या बाजूस एक नमुना मिळाला, आणि १८८० नंतरच्या चार वर्षांत पश्चिम खानदेशांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें शहादें-तळोद्याच्या रानांतून आणखी कांहीं मिळविले. मग सारें शांत झालें.

ह्यूम यांच्या सिमल्याच्या घरांतून त्यांच्या अनेक वर्षांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे एका नोकरानें रद्दीच्या भावानें विकून टाकले. त्या आघातानें खचून त्यांनीं १८८५ सालीं आपला साठ हजारांहून अधिक कातड्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. डेव्हिडसनच्या रानपिंगळ्यांपैकीं कांहीं याच म्युझियमच्या खणांत जाऊन पडले. खानदेशचा पक्षी लंडनच्या लांकडी पेटींत बंद झाला, आणि त्याच्याविषयीं कांहींही जाणून घ्यायचें तर ती पेटी उघडण्याचा अधिकार असलेल्याकडेच जावें लागे. तेवढ्या काळाला दुसरा उपायही नव्हता.

पेढीवरच्या हुंडीला जें मोल सहीचें, तें संग्रहालयांतल्या नमुन्याला त्याच्या पायास बांधलेल्या चिठ्ठीचें. पक्षी कोठें मिळाला, कोणत्या दिवशीं, कोणीं मारला, हें त्या बोटभर कागदावर लिहिलेलें असतें. चिठ्ठी गेली तर उरतो तो केवळ पेंढा भरलेला पक्षी. आणि चिठ्ठी खोटी असली तर तो पक्षी चिठ्ठी नसलेल्या पक्ष्याहूनही वाईट. कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन (१८७८–१९६७) या लष्करी अधिकाऱ्याचा पक्षिसंग्रह वीस हजारांच्या घरांत होता आणि तो १९५४ सालीं त्यानें ब्रिटिश म्युझियमलाच दिला. त्यांत एक रानपिंगळाही होता. चिठ्ठीवर लिहिलेलें होतें: मांडवी, तापीकांठ, १९१४. म्हणजे डेव्हिडसननंतर तीस वर्षांनीं तो पक्षी गुजरातेंत जिवंत होता असें या चिठ्ठीचें म्हणणें. पक्षिशास्त्रांत या गृहस्थाचा दबदबा असा कीं सालीम अली १९३७ सालीं त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीवर गेले होते. पुढें सालीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनींही रानपिंगळ्याचा शोध केला, पण पक्षी दिसला नाहीं. जेथें तो शेवटचा मिळाला असें कागद सांगतो तेथेंच तो मिळत नाहीं, तर तो नामशेष झाला असला पाहिजे, असा निष्कर्ष मग बळावत गेला. चुकीच्या माहितीनें माणूस भलतीकडे जातो हें तर झालेंच. पण तेथून रिकाम्या हातीं परतल्यावर जो निराश निष्कर्ष तो काढतो, त्यानें त्याहून अधिक हानि होते.

या कर्नलाचें वागणें अगदींच अज्ञात होतें असें मात्र नाहीं. १९१९ सालीं परवानगीवांचून नमुने नेल्याच्या कारणानें म्युझियमच्या पक्षिदालनांत त्याला कांहीं काळ मज्जाव झाला होता. परंतु माणूस बडा, संग्रह मोठा. तेव्हां प्रकरण कुजबुजीवरच थांबलें. १९९३ सालीं ॲलन नॉक्स यांनीं त्याच्या संग्रहांतील एका दुसऱ्या पक्ष्याचे नमुने चोरून नव्या चिठ्ठ्या लावलेले आहेत असें छापून सिद्ध केलें, आणि मग सारा संग्रह संशयाच्या छायेखालीं आला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं रानपिंगळ्याची तपासणी हातीं घेतली. पक्षी सोलून, पुसून, भरून शिवणाऱ्या प्रत्येकाची एक हातोटी असते. शिंप्याचा टांका जसा दुसऱ्या शिंप्याला ओळखूं येतो तशी ती जाणत्यास ओळखतां येते. कर्नलाच्या त्या पक्ष्याचें जुनें भरण काढून तो पुन्हां भरलेला निघाला, आणि मूळ हात डेव्हिडसनचा ठरला. म्युझियमच्या खणांतून नाहींसा झालेला खानदेशी पिंगळाच नवी चिठ्ठी बांधून परत म्युझियमच्या दारीं आला होता! हा शोधनिबंध १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. योगायोग असा कीं गुजरातेंत पूर्णा अभयारण्यांत रानपिंगळा पुढें खरोखरच आढळला. पण त्यामुळें कर्नलाची चिठ्ठी खरी होत नाहीं.

मांडवी एकदां बाद झाल्यावर शोधाची दिशा सरळ झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांत आले. आधीं पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. कांहीं मिळालें नाहीं. मग खानदेशची वाट धरली, आणि २५ नोव्हेंबर रोजीं शहाद्याजवळ, डेव्हिडसनच्या त्याच मुलखांत, एका निष्पर्ण झाडावर सकाळच्या उन्हांत रानपिंगळा बसलेला दिसला. सुमारें एकशेंतेरा वर्षांनीं! त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनीं सातपुड्यांतील व मेळघाटांतील रानें धुंडाळून त्याचीं ठिकाणें नोंदविलीं. तरी सर्वांचा समज असा कीं हा पक्षी सातपुड्याच्या रांगेचा; सह्याद्रीशीं त्याचा संबंध नाहीं.

हा समज २०१४ च्या ऑक्टोबरांत मोडला. शहापूर तालुक्यांतील तानसा अभयारण्यांत सुनील लाड यांना रानपिंगळा दिसला, आणि त्यांनीं व रोहिदास डगळे यांनीं ती नोंद सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून मुंबईची तहान तें भागवीत आलें आहे. पाण्याचें पाणलोट क्षेत्र राखायचें म्हणून रान राखलें गेलें, आणि राखलेल्या रानांत पक्षी राहिला. मुंबईहून आगगाडीनें दोन-अडीच तासांच्या वाटेवरचें हें रान. शोधणारे मात्र शेंकडों मैल दूर हिंडत होते.

त्या रानाची कहाणी पक्ष्याहून जुनी आहे. साग, ऐन, धावडा, बोंडारा, हेद, कळंब यांचें हें पानगळीचें वन. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ सालीं निघाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याची वनस्पतिसूचि १९०१ ते १९०८ या काळांत छापली. आणि फादर ब्लॅटर यांच्या नांवाचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजांत आजही आहे. यांतल्या प्रत्येक पानावर झाडाचे गुण टिपलेले आहेत: पान केवढें, केव्हां गळतें, फूल केव्हां येतें. या गुणांना आतां नवीन उपयोग आला आहे. जर्मनीतील येना येथें २००७ सालीं ‘ट्राय’ नांवाचा जगभरच्या वनस्पतिगुणांचा संग्रह सुरू झाला व २०१९ पासून तो सर्वांस मोकळा झाला. सागाचें पान कधीं गळतें हा रानपिंगळ्यापुरता व्यवहाराचा प्रश्न आहे: उघड्या फांदीवर बसून खालचा सरडा हेरणाऱ्या पक्ष्याला पानगळ हीच सुगी.

ह्यूम यांनीं कल्पिलेली ‘निराळ्या घुबडा’ची स्वतंत्र प्रजाति खरी कीं खोटी, हा वाद शंभराहून अधिक वर्षें चालला. कोणी हाडांकडे बोट दाखवी, कोणी पिसांकडे. २०१८ च्या फेब्रुवारींत पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी व व्ही. व्ही. रॉबिन यांनीं रानपिंगळ्याच्या जनुकांची तुलना इतर घुबडांशीं करून दाखविलें कीं तो आपल्या गांवपिंगळ्याच्याच ‘अथीनी’ कुळांत मोडतो. त्यांचा लेख कोणासही विनामूल्य वाचतां येईल अशा नियतकालिकांत आला. १९८२ पासून चालणाऱ्या ‘जेनबँक’सारख्या खुल्या संग्रहांत आतां जनुकांचे अनुक्रम ठेवले जातात, शंका आली तर शहाद्याच्या शाळामास्तरासही ते उतरवून घेऊन ताडून पाहतां येतात. डेव्हिडसनचा टांका ओळखण्यासाठीं लंडनच्या दालनाची किल्ली लागली होती.

त्याच वर्षीं जागतिक निसर्गसंरक्षण संघानें या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून ‘संकटग्रस्त’ या पायरीवर आणलें, कारण नव्या नव्या ठिकाणच्या नोंदी जमल्या होत्या. पण नोंद उघडी झाली म्हणजे घरटेंही उघडें होतें. छायाचित्रांच्या हव्यासानें दुर्मिळ पक्ष्याच्या ढोलीभोंवतीं गर्दी जमते, आणि म्हणून अशा जातींचें नेमकें स्थळ पुसट करून फक्त मुलूख दाखविण्याची रीत कांहीं संग्रहांनीं पत्करली आहे. ही रीत योग्यच आहे. कर्नलानें खोटें स्थळ लिहिलें. येथें स्थळ झांकलें आहे असें उघडपणें सांगितलें जातें.

शेजारच्या मुरबाड तालुक्यांत मात्र झांकपाक महागांत पडते. तेथें काळू नदीवर धरण घालण्याचें काम २०११ सालीं वनखात्याची परवानगी पुरी होण्यापूर्वींच सुरू झालें होतें. सुमारें एक हजार हेक्टर वनभूमि त्याखालीं जाणार होती. श्रमिक मुक्ति संघटना न्यायालयांत गेली आणि २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें काम थांबविलें. वनभूमि मागणाऱ्यास तेथें काय उगवतें आणि कोण राहतें हें अर्जांत लिहावें लागतें. त्या यादींत एखादें झाड किंवा पांखरूं राहून गेलें, तर तें दाखवून देण्यासाठीं मुरबाडच्या ठाकर-कातकऱ्यांस आणि त्यांच्या वकिलास हातांत ठेवतां येईल असा छापील, तारखेचा, स्थळाचा पुरावा लागतो.