अकरा सुटे भाग आणि एक ‘फझ’

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या कलावंताच्या पायाशी धातूच्या लहान डब्यांची जी रांग मांडलेली दिसते, तिच्यातील सर्वांत साधा डबा म्हणजे ‘फझ’. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फझ फेस’ या पेडलात आवाज घडवणारे भाग मोजून अकरा होते : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पोटेंशिओमीटर, ज्यांना बाजारात नुसते ‘पॉट’ म्हणतात. या सर्किटवर बेतलेली किट्स आज अनेक ठिकाणी मिळतात. इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्या गिटारवादकाने पहिले किट म्हणून हेच घ्यावे, असा सल्लाही सर्रास दिला जातो.

हा सल्ला निम्माच खरा आहे. अकरा भाग पट्टीवर बसवणे एका दुपारचे काम. परंतु ते बसवल्यावर माहितीपत्रकात वर्णिलेला आवाज येईलच, याची हमी या सर्किटात नाही. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर हा मोठा लहरी प्राणी आहे. त्याचे मन राखणे हेच या किटमधील खरे काम, आणि ते ठाऊक नसल्यामुळे कित्येक अर्धवट पेडल्स कपाटाच्या खणात पडून राहतात.

बिघाडातून जन्मलेला आवाज

फझचा उगम एका नादुरुस्त यंत्रात आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या, १९६१ मध्ये गाजलेल्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज मिश्रण-यंत्रातील बिघाडामुळे फाटून, घरघरत उमटला. तो पुसून न टाकता तसाच ठेवण्यात आला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवणारे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. त्याला खरी मागणी आली ती १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर, आणि जिमी हेंड्रिक्सने ‘फझ फेस’ पायाखाली घेतल्यावर तर हा बिघाड गिटारच्या भाषेचाच एक भाग झाला.

फाटलेल्या आवाजाचे एवढे कौतुक कशासाठी, असे अभिजात संगीताच्या श्रोत्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्याकडील तानपुऱ्याची जवारी आठवून पाहावी. घोडीवर तार जिथे टेकते तिथे सुताचा धागा सरकवून जी गुंजन करणारी झार काढली जाते, तीही तारेच्या शुद्ध कंपनात मुद्दाम घातलेली भरच असते. उपस्वर वाढावेत, नाद भरीव व्हावा, हा हेतू दोहोंकडे सारखा. जवारीत हे काम घोडीचा वक्र पृष्ठभाग करतो, फझमध्ये ट्रान्झिस्टर.

ते कसे होते? गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युत् संकेत पहिला ट्रान्झिस्टर वाढवतो, दुसरा त्याहून वाढवतो. परंतु नऊ व्होल्टच्या बॅटरीपलीकडे जायला जागाच नसल्यामुळे लहरींचे माथे कापले जातात आणि गोलसर लहर चौकोनी होऊ लागते. या कापण्यातून मूळ स्वराच्या पटीतले नवे उपस्वर जन्माला येतात. दुसऱ्या ट्रान्झिस्टरकडून पहिल्याकडे एक लाख ओहमच्या रेझिस्टरमार्फत एक वाट परत येते. त्यामुळे दोघेही एकमेकांवर अवलंबून राहतात; एकाचे बिनसले की दुसऱ्याचेही बिनसते.

किट उघडल्यावर

पाकिटातील भाग प्रथम मोजून घ्यावेत. रेझिस्टर चार किमतींचे असतात : ४७० ओहम, ८.२ किलोओहम, ३३ किलोओहम आणि १०० किलोओहम. चार पट्ट्यांच्या जुन्या पद्धतीत ३३ किलोओहमची खूण नारिंगी-नारिंगी-नारिंगी अशी, आणि ४७० ची पिवळा-जांभळा-तपकिरी. हल्लीच्या पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर मात्र रंग ओळखताना भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून प्रत्येक भाग मल्टीमीटरने मोजूनच पट्टीवर चढवावा. कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड, सुमारे २० मायक्रोफॅरड (आता बहुधा २२) आणि ०.०१ मायक्रोफॅरड असे तीन. पहिले दोन बहुधा इलेक्ट्रोलिटिक असतात आणि त्यांना धन-ऋण बाजू असते. ‘फझ’चा पॉट एक किलोओहमचा, ‘व्हॉल्यूम’चा पाचशे किलोओहमचा. शिवाय दोन जॅक, बॅटरीची टोपी, पायाने दाबायचा नऊ टोकांचा स्विच आणि ॲल्युमिनियमचा डबा. बहुतेक किटमध्ये डब्याला छिद्रे पाडलेली येतात. नसतील तर त्यासाठी ड्रिल असलेल्या ओळखीच्या माणसाला गाठावे.

एखादा भाग हरवला वा जळाला तरी अडून राहण्याचे कारण नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (आता डॉ. भडकमकर मार्ग) किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात रेझिस्टर-कपॅसिटर सहज मिळतात.

सोल्डरिंगची भीती बाळगू नये. ज्यांनी लहानपणी दारावर आलेला कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना त्यातील मर्म आधीच माहीत आहे. तो कथील भट्टीत वितळवून भांड्यावर ओतत नाही. भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि तापलेल्या भांड्याला कथलाची कांडी टेकवतो. भांड्याच्याच उष्णतेने कथील पसरते. इथेही तेच. सोल्डरिंग आयर्नचे टोक पट्टीवरील तांबे आणि भागाचा पाय या दोघांनाही एकदम टेकवून दोन-तीन सेकंद तापवावे, आणि मग तार आयर्नला न लावता त्या जोडाला लावावी. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली तार १८३ अंश सेल्सियसला वितळते, तेव्हा २५ वॉटचे आयर्न पुरेसे होते. नवसागराची जागा तारेच्या पोटातील राळ घेते; आम्लयुक्त पेस्ट मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरू नये, कारण ती पुढे तांबे खाते. जोड चकचकीत आणि उतरता दिसावा. मळकट गोळा बसला असेल तर तो नुसता टेकलेला आहे, जुळलेला नाही. खिडकी उघडी ठेवावी, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना शिशाच्या तारेपासून दूर ठेवावे.

आधी रेझिस्टर, मग कपॅसिटर, शेवटी ट्रान्झिस्टर, असा क्रम ठेवावा. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, म्हणून ट्रान्झिस्टर थेट पट्टीवर न बसवता सॉकेटमध्ये बसवणे उत्तम. सॉकेटचा दुसरा फायदा पुढे येतोच आहे.

जर्मेनियमचा लहरीपणा

‘फझ फेस’च्या आरंभीच्या प्रतींत एनकेटी २७५ किंवा एसी १२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. त्यांतील एसी १२८ आपल्या घरांतही नांदून गेला आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरला आवाज पुरवणारी जोडी अनेकदा याच जातीची असे. आज जर्मेनियमचा साठा जुनाच आहे, आणि जिथे दुर्मीळता तिथे भेसळ आलीच. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर जुना क्रमांक छापून विकला जातो. ही लबाडी ओळखणे सोपे आहे. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बेस आणि एमिटर मोजावेत. ०.२ ते ०.३ व्होल्ट आले तर जर्मेनियम, ०.६ च्या पुढे आले तर सिलिकॉन.

खरा जर्मेनियम मिळाला तरी तो ‘गळका’ असू शकतो. बेसला काहीही न जोडता त्यातून थोडा प्रवाह वाहतच राहतो, आणि मल्टीमीटरमधील गेनचे माप या गळतीलाही गेनच समजते. म्हणून मोजणी दोन टप्प्यांत करावी. नऊ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक एमिटरला, ऋण टोक सुमारे २.४ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत कलेक्टरला जोडून त्या रेझिस्टरवरचा दाब मोजावा : ही झाली गळती. मग २.२ मेगओहमच्या रेझिस्टरने बेस ऋण टोकाला जोडून पुन्हा मोजावे. दोन्ही मापांतील फरकाला शंभराने गुणले की खरा गेन मिळतो. पहिल्या जागी साधारण ७० ते ८० आणि दुसऱ्या जागी ११० ते १३० गेनचा ट्रान्झिस्टर चांगला, असे जाणकार मानतात. मोजताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरू नये. बोटांच्या उबेनेच आकडा चढताना दिसतो.

आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचा मुद्दा याच उबेत दडला आहे. जर्मेनियमची गळती तापमान दर दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होते. वीस अंशांच्या लंडनमध्ये नीट वागणारे सर्किट चाळिशी ओलांडणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात चौपट गळतीला तोंड देत असते. मग जानेवारीत मधुर वाजलेले पेडल उन्हाळ्यात तुटक, घुसमटलेला आवाज काढू लागते आणि वादक उगाच सोल्डरिंगला दोष देतो. यावर उपाय म्हणजे ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी दहा किंवा वीस किलोओहमचा ट्रिमर बसवणे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास दाब येईपर्यंत तो फिरवायचा. साडेचार ही केवळ सुरुवात आहे. त्यानंतर मल्टीमीटर बाजूला ठेवून गिटार जोडावी आणि एक स्वर लांबवून तो विझेपर्यंत ऐकावा. विझता विझता तो गुळगुळीत राहतो की खरखरून तुटतो, हे ऐकत ट्रिमर केसभर इकडे-तिकडे करावा. सतार जुळवणारा कारागीर जवारी कानानेच काढतो, तसलाच हा प्रकार.

ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी सिलिकॉनचे किट घ्यावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘फझ फेस’मध्येही बीसी १०८ हा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आला. तो उष्णतेची फारशी पर्वा करत नाही, आवाज मात्र अधिक धारदार करतो. त्याचा गेन इतका असतो, की कधी कधी मध्यम लहरींवरचे एखादे रेडिओ केंद्रही त्यातून कुजबुजू लागते. आपल्या हवामानात पहिल्या खेपेस सिलिकॉन आणि दुसऱ्या खेपेस जर्मेनियम, हा क्रम प्रस्तुत लेखकाला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आवाजच आला नाही तर

बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते : ट्रान्झिस्टरचे पाय उलटे, जॅकची दोन टोके अदलाबदल झालेली, किंवा पॉटची धातूची पाठ पट्टीला टेकलेली. प्रथम दाब मोजावा. पहिल्या कलेक्टरवर साधारण अर्धा ते दीड व्होल्ट हवा. मग एक साधी युक्ती करावी. ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, तिची बाहेरची जाळी पेडलच्या अर्थला लावावी आणि गिटार वाजत असताना कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने सर्किटच्या एकेका टप्प्याला स्पर्श करीत जावे. जिथवर आवाज येतो तिथवर सारे ठीक. जिथे नाहीसा झाला, त्याच्या अलीकडेच दोष आहे. हे सारे बॅटरीवरच्या पेडलपुरतेच. विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर मात्र उघडू नये. बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटर जीवघेणा दाब धरून ठेवू शकतात.

जर्मेनियमच्या मूळ रचनेत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. इतर बहुसंख्य पेडल्समध्ये नेमके उलटे. त्यामुळे हे पेडल इतरांच्या सामाईक अडॅप्टरवर लावल्यास थेट शॉर्टसर्किट होते. त्याला स्वतंत्र बॅटरीच द्यावी.

पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग कोणी करू नये. चिनी बनावटीचे तयार फझ पेडल अनेकदा किटपेक्षा स्वस्त पडते. मात्र तयार डब्यात ट्रिमर असला, तरी तो कशासाठी आहे आणि कोणत्या ऋतूत फिरवावा, हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

तयार झालेले पेडल रांगेत गिटारच्या लगेच पुढे ठेवावे. त्याचा प्रवेशरोध इतका कमी असतो, की गिटारचा पिकअपही सर्किटचाच एक भाग बनतो. गिटारवरील व्हॉल्यूमची खुंटी थोडी मागे घेतली की फाटलेला आवाज निवळून जवळजवळ स्वच्छ होतो. मध्ये दुसरे पेडल घातले तर ही गंमत बहुधा नाहीशी होते. आणि वाजवून झाल्यावर गिटारची वायर पेडलमधून काढून ठेवावी. बॅटरीची जोडणी त्याच जॅकमधून केलेली असते. वायर आत राहिली तर बॅटरी विनाकारण उतरत राहते.