माळ्यावर न साचणारा माल

नेटवर्क मार्केटिंग करणाऱ्याच्या घरातला माळा हा त्या धंद्याचा सर्वांत प्रामाणिक हिशोबनीस. भांडी घासायचं लिक्विड, प्रोटीन पावडरचे डबे, चुंबकाची गादी, जे खपलं नाही ते तिथे चढतं आणि दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांसमोर खाली येतं. हा धंदा वेबसाइट, सर्व्हे, बिटकॉइन आणि ऑनलाइन खेळांकडे कसा वळला, त्याची गोष्ट या माळ्यापासूनच सांगायला हवी.

या धंद्याच्या घराण्याचा मूळपुरुष कार्ल रेनबोर्ग. १९२०च्या दशकात चीनमध्ये राहून आलेल्या या अमेरिकनाने १९३४मध्ये कॅलिफोर्नियात जीवनसत्त्वांची कंपनी काढली. पुढे तिचं नाव न्यूट्रिलाइट झालं. माल रेनबोर्गचा, पण प्लॅन त्याचा नव्हे. तो १९४५मध्ये ली मायटिंगर आणि विल्यम कॅसलबेरी या दोघांनी आणला. मायटिंगर पूर्वी दफनभूमीतल्या जागा विकायचा, कॅसलबेरी मानसशास्त्रज्ञ. कादंबरीकाराने अशी जोडी जमवली असती, तर फारच ओढूनताणून केलंय म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

त्या प्लॅनमधली एक अट आज कुणाला आठवत नाही. आधी २५ नेहमीची गिऱ्हाइकं मिळवा, मगच हाताखाली दुसरे विक्रेते नेमा आणि त्यांच्या विक्रीवर ३ टक्के घ्या. म्हणजे गोळ्या खाणारं माणूस आधी, डाउनलाइन नंतर. १९४९मध्ये याच न्यूट्रिलाइटचे विक्रेते झालेल्या रिच डेवॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी १९५९मध्ये मिशिगनमधल्या एडा गावी ॲमवे काढली. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवेवर पिरॅमिडचा आरोप ठेवला. १९७९च्या निकालात तो टिकला नाही, त्याचं कारण कंपनीचे तीन नियम: घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकलेला असावा, महिन्याला दहा गिऱ्हाइकं दाखवावीत, आणि सोडून जाणाऱ्याचा उरलेला माल परत घ्यावा. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले जातात यावर वाद घालता येईल, पण कमिशनने नेमकं माळ्याकडेच बोट दाखवलं होतं. माल शेवटी वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतो की विक्रेत्याच्याच घरात साचतो?

हा प्रश्न इंटरनेटने निकालात काढला. साबणाच्या किमतीतून तेल, वेष्टन, ट्रकभाडं वजा जातं, उरेल ते वरच्या साखळीत वाटता येतं. वेबसाइटची दुसरी प्रत काढायला मात्र जवळजवळ काहीच लागत नाही, त्यामुळे सभासदाने भरलेले बहुतेक सगळे पैसे कमिशनसाठी मोकळे होतात. शिवाय तिची बाजारातली खरी किंमत कुणालाच ठाऊक नसते. दुकानात शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या साबणाशी ताडून पाहावं, तशी सोयच नाही. आणि न वापरलेला पासवर्ड कधी कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

ॲमवेने स्वतः १९९९मध्ये क्विक्स्टार नावाने संकेतस्थळ उघडलं, पण तिथेही माल तोच होता. वळण खरं घेतलं ते ओक्लाहोमाच्या स्कायबिझने. १२५ डॉलरला ‘वेब पॅक’: स्वतःचं एक वेबपान आणि काही ऑनलाइन धडे. खाली बायनरी: प्रत्येकाच्या हाताखाली साखळीच्या दोन शाखा, डावा पाय आणि उजवा पाय. २००१मध्ये फेडरल ट्रेड कमिशन कोर्टात गेलं, आणि २००३मध्ये दोन कोटी डॉलर परत करण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं. त्याच सुमारास आपल्याकडे नोएडात ईबिझ सुरू झाली. १६,८२१ रुपयांत संगणक-शिक्षणाचं पॅकेज घ्यायचं आणि वर्गातल्या मित्रांना जोडायचं. शिक्षण ही वस्तू फार हुशारीने निवडलेली होती. मुलगा साबण विकतो म्हटल्यावर ज्या आईबापांनी कपाळाला हात लावला असता, त्यांनी कॉम्प्युटर शिकतोय म्हणून पैसे काढून दिले. २०१९मध्ये सायबराबाद पोलिसांनी संचालकाला अटक केली, तेव्हा सभासद १७ लाखांच्या घरात असल्याचं पोलिसांनी सांगितलं.

पुढची पायरी स्पीक एशिया. इथे विकायला धडेही नव्हते. ११,००० रुपये भरून एका ई-मासिकाचं वर्षाचं सभासद व्हायचं, मग आठवड्याला दोन सर्व्हे भरून हजार रुपये कमवायचे, आणि वर डाउनलाइनचा पेआउट वेगळा. सर्व्हे कोणासाठी आहे, त्याच्या उत्तरांना पैसे कोण मोजतंय, हे विचारणारा सेमिनारमध्ये निगेटिव्ह ठरायचा. २०११मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कारवाई केली, तेव्हाचं दृश्य विलक्षण होतं: पैसे अडकलेल्यांतलेच अनेक जण कंपनीच्या बाजूने संघटना करून कोर्टात उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांना मध्यस्थ नेमलं. या लोकांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. पोलिसांनी कंपनी बंद केली तर पैसे बुडतात, चालू राहिली तर निदान येण्याची आशा असते. त्यांचं गणित त्यांच्यापुरतं बरोबर होतं, फक्त ते पैसे दुसऱ्या नव्या सभासदाच्या खिशातून यायचे होते.

आपला १९७८चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा या बाबतीत त्याच्या वयाच्या मानाने भलताच तरतरीत आहे. माल कोणता, हे तो विचारतच नाही. मिळणारे पैसे सभासद जोडण्यावर अवलंबून आहेत का, एवढंच पाहतो.

आता खेळ. या बाजूचं आजोळ आम्हा मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांच्या आकड्यांवर लागणारा सट्टा बंद पडल्यावर १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका बसवला. त्यात आकडा लिहून घेणाऱ्याला गोळा केलेल्या रकमेवर कमिशन, आणि त्याच्या वर बुकी. खेळ पैसे गोळा करतो, साखळी ते वर नेते, ही रीत इथे नवी नव्हती. मटक्याची वंशावळ थेट अमेरिकेच्या प्लॅनशी जोडता येत नाही, पण दोन घराण्यांची सोयरीक कधीतरी होणारच होती.

ती सर्वांत स्पष्ट दिसली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात. झीकलर हे पेनी ऑक्शनचं संकेतस्थळ: प्रत्येक बोलीला पैसे पडतात, बोलीगणिक किंमत एका सेंटने वाढते, आणि हरणाऱ्याच्या बोलीचे पैसे बुडतात. नाव लिलाव, स्वभाव जुगाराचा. त्याला जोडलेली झीक रिवॉर्ड्स ही नेटवर्क मार्केटिंगची शाखा. सभासदांनी बोल्या विकत घेऊन फुकट वाटायच्या, रोज एक जाहिरात टाकायची, आणि संकेतस्थळाच्या रोजच्या नफ्यात वाटा घ्यायचा. २०१२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने ते बंद पाडलं. कंपनीच्या उत्पन्नापैकी ९८ टक्के पैसे सभासदांनीच भरलेले होते, लिलाव खेळायला येणाऱ्यांचे नव्हेत. रोजचा नफा संस्थापक पॉल बर्क्स मनानेच ठरवायचा. त्याला पुढे १४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली.

भारतात महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपने वेगळी सोयरीक केली. खेळ खेळवायचं ‘पॅनेल’च फ्रँचायझी म्हणून द्यायचं आणि नफा ७०-३० वाटून घ्यायचा, असं ईडीचं म्हणणं आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले.

पुण्याचं नाव या घराण्यात लागलं ते गेनबिटकॉइनमुळे. बिटकॉइन द्या, १८ महिने दर महिन्याला १० टक्के घ्या, आणि माणसं जोडा. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं. त्याआधीच गुंतवणूकदारांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं मिळू लागलं होतं. डिजिटल मालाची ही खास सोय: देणं थकलं की नवा माल तिथल्या तिथे पाडता येतो. गादीवाल्याला ते कधी जमलं नसतं.

शेवटी माल पूर्णच गळला. २०२०च्या जानेवारीत सुरू झालेल्या फोर्सेजकडे गोळी नव्हती, धडा नव्हता, खेळही नव्हता. इथेरियमच्या ब्लॉकचेनवर बसवलेला एक प्रोग्राम होता आणि त्यात बसायच्या जागा विकत घ्यायच्या होत्या. खालच्याने जागा घेतली की पैसे आपोआप वरच्याच्या वॉलेटमध्ये जायचे. मायटिंगर-कॅसलबेरींचा प्लॅन, त्या २५ गिऱ्हाइकांच्या अटीशिवाय. फिलिपाइन्सच्या नियामकांनी त्याच वर्षी आणि अमेरिकेतल्या माँटाना राज्याने २०२१मध्ये ‘थांबवा’ म्हणून आदेश काढले. तरीही जाहिरात चालू राहिली. २०२२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने ११ जणांवर दावा लावला, तोवर ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली होती.