मूठ कोणाच्या हाताची?

सुरी विकत घेताना आपण पाते पाहतो. पोलाद कसले आहे, धार किती टिकेल, गंज चढेल का, हे विचारतो. मुठीबद्दल सहसा कोणी काही विचारत नाही. इतिहासानेही तिची उपेक्षाच केली आहे. अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग ही नावे पात्यावरून पडली. मुठीच्या नावाने एकही युग नाही. कारण साधे आहे. दगड आणि धातू मागे उरतात, लाकूड कुजून जाते.

क्वचित ते उरते. सप्टेंबर १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले. 'ओत्झी' या नावाने तो आज ओळखला जातो. त्याच्याजवळ जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा खंजीर होता. पाते चकमकीच्या दगडाचे, मूठ अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, आणि दोन्ही जनावराच्या स्नायूंच्या तंतूंनी आवळून बांधलेली. अशा काळात हत्यार करणारा आणि वापरणारा एकमेकांपासून फार दूर नसत. मूठ टोचली तर ती पुन्हा तासता येई. आपल्याकडेही नव्या मुठीच्या कडा कानशीने मारणे, काचेच्या तुकड्याने ती खरवडून गुळगुळीत करणे, हात घामेजला की घसरते म्हणून तिला चिंधी गुंडाळणे, हे सारे लोक स्वतःच करत आले आहेत.

हा दुवा तुटला तो कामाच्या वाटणीने. इंग्लंडमधील शेफील्ड येथे सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला. तेथे पाते घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. मुठी हाडाच्या, शिंगाच्या, शिसवीच्या, श्रीमंतांसाठी हस्तिदंताच्या. त्या देखण्या असत यात शंका नाही. पण एकाच नमुन्याची मूठ आता हजारो अनोळखी हातांत जाणार होती, आणि बोचली तर वापरणाऱ्याने आपला हातच तिला सरावू द्यायचा होता. घट्टे पडतात ते असे.

हात वस्तू नेमकी कशी धरतो, याचे सुटसुटीत वर्गीकरण व्हायला १९५६ साल उजाडले. जॉन नेपिअर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने त्या वर्षी दाखवून दिले की हाताच्या पकडी मुळात दोनच आहेत. एक जोराची: बोटे आणि तळवा यांच्यामध्ये वस्तू आवळून धरायची. दुसरी नेमकेपणाची: अंगठा आणि बोटांची टोके यांच्यामध्ये धरायची. पेन्सिल दुसऱ्या पकडीत असते, हातोडा पहिल्या. सुरीची अडचण अशी की तिला दोन्ही लागतात. लिंबू चिरताना एक, भोपळा कापताना दुसरी.

येथे वर्गात एक प्रयोग करून घ्यावा. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट पुरते आतल्या बाजूला वाकवा आणि तितक्याच जोराने मूठ आवळून पाहा. जमत नाही! बोटे मिटवणारे मुख्य स्नायू तळहातात नसून कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकले की या स्नायूंची लांबी आधीच कमी झालेली असते, त्यामुळे जोर लावायला वाव उरत नाही. वाकड्या मनगटाने दिवसभर काम केले तर याच दोऱ्या आजूबाजूच्या भागांवर घासून सुजतात.

ही बाब अमेरिकेतील एर्विन टिचॉवर यांनी कारखान्यात तपासली. मनगट सरळ राहावे म्हणून त्यांनी पकडीचे दांडे वाकवले. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर सरळ पकड वापरणाऱ्या कामगारांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना मनगटाचे किंवा हाताचे दुखणे जडले होते; वाकडी पकड वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. माणसे तशीच, काम तेच.

सुरीच्या बाबतीत खरा धाडसी बदल स्वीडनमध्ये झाला. मारिया बेंक्टझॉन आणि स्वेन-एरिक युलीन या दोघांनी संधिवाताने ज्यांच्या बोटांतली शक्ती गेली आहे अशा लोकांचा विचार करून पाव कापण्याची सुरी नव्याने आखली. ती १९७४ मधली. तिची मूठ पात्याच्या रेषेत नाही. सुताराच्या करवतीसारखी ती पात्याच्या वर उभी आहे. त्यामुळे मनगट सरळ राहते, संपूर्ण मूठ वापरली जाते आणि कापण्याचा जोर बोटांऐवजी दंडातून येतो. जोडीला एक चौकट होती. तिच्या फटीतून पाते सरळ चाले, आणि पाव धरून ठेवायला दुसऱ्या हातालाही कष्ट नकोत. आपल्या सकाळच्या पावाची चकती कोणाकडे मागावी लागू नये, एवढीच ही गोष्ट. पण रोज मागावी लागणाऱ्याला ती लहान वाटत नाही.

मूठ जाड केल्यानेही फरक पडतो, आणि त्यामागचे गणित आठवीच्या विद्यार्थ्याला कळेल असे आहे. ४० न्यूटन बल २ चौरस सेंटिमीटरच्या कडेवर पडले तर दाब २० न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर. तेच ८ चौरस सेंटिमीटरवर पसरले तर फक्त ५. कडा गोल करण्याचा फायदा हाच. पण मूठ पूर्ण गोल नको, नाहीतर पाते कठीण भागाला लागताच ती हातात फिरते. लंबगोल मूठ फिरत नाही, शिवाय धार कोणत्या बाजूला आहे हे न पाहताही कळते. गुळगुळीतपणाचेही तसेच. कुसळे आणि कडा जायला हव्यात, पण आरशासारखी चकाकी आणली तर ओल्या हातातून सुरी निसटेल.

हीच तत्त्वे वापरून १९९० मध्ये अमेरिकेत 'ऑक्सो' कंपनीची स्वयंपाकाची साधने बाजारात आली. सोलाणे त्यांतले सर्वांत गाजलेले. लंबगोल जाड मूठ, मऊ रबरासारखा पदार्थ आणि बोट टेकते तेथे पातळ, लवचीक पट्ट्या. ही कथा बहुधा अशी सांगितली जाते: निवृत्त उद्योजक सॅम फार्बर यांनी संधिवात असलेल्या पत्नीला, बेट्सी यांना, सफरचंद सोलताना त्रास होताना पाहिले आणि त्यांना ही कल्पना सुचली. बेट्सी स्वतः वास्तुरचनाकार होत्या. बऱ्याच वर्षांनी, २०१८ मध्ये, कथेची दुसरी बाजू छापून आली. ती बेट्सी यांनीच सांगितली होती: कल्पना त्यांची होती, आणि दुखऱ्या हाताची बायको एवढीच भूमिका मात्र त्यांच्या वाट्याला आली होती.