एरोस्मिथ : एका फुटलेल्या आणि पुन्हां जुळलेल्या मंडळीची कथा

गायक-वादकांची मंडळी जमविणें फारसें अवघड नसतें. ती टिकविणें मात्र अवघड असतें. तारुण्याच्या भरांत चार-पांच जण एकत्र येतात, एका बिऱ्हाडांत राहतात, मिळेल तो घांस वांटून खातात. पुढें पैसा आणि कीर्ति आली कीं प्रत्येकाला वाटूं लागतें, हें यश मुख्यतः आपलेंच. अमेरिकेंतील ‘एरोस्मिथ’ या मंडळीनें हा अनुभव पुरेपूर घेतला आणि त्यांतून ती सावरलीहि. ‘हार्ड रॉक’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीतांत तिचें स्थान मोठें आहे. परंतु तिचा इतिहास मनन करण्याजोगा ठरतो तो या सावरण्यामुळें.

हार्ड रॉक म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ नांवाच्या गीतप्रकारांत त्याचें मूळ आहे. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेंतील तरुणांनीं तें संगीत विजेच्या गिटारवर चढविलें, ड्रमचा ठेका जड केला आणि नाद कानठळ्या बसतील इतका वाढविला. गिटारवरील एक लहानशी स्वरावली आवर्तनानें पुनःपुन्हां यावी आणि तिच्यावर गायकानें टिपेच्या स्वरांत गावें, असा या गाण्याचा सामान्य घाट असतो.

एरोस्मिथची स्थापना १९७० सालीं बॉस्टन शहरीं झाली. गायक स्टीव्हन टायलर हा पाश्चात्य अभिजात संगीत शिकलेल्या पियानोवादकाचा पुत्र. गिटारवादक जो पेरी आणि बेस गिटार वाजविणारा टॉम हॅमिल्टन यांच्याशीं त्याची गांठ न्यू हॅम्पशायरमधील सुनापी या सरोवराकांठच्या गांवीं पडली. ड्रमवर जोई क्रेमर बसला. १९७१ सालीं पहिल्या दुसऱ्या-गिटारवादकाच्या जागीं ब्रॅड व्हिटफर्ड आला आणि पांचांचा मेळ पुरा झाला. १९७२ सालीं कोलंबिया कंपनीशीं करार झाला व १९७३ च्या आरंभीं पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तींतील ‘ड्रीम ऑन’ हें गाणें त्या वेळीं बेताचेंच चाललें. पुढें १९७५ सालच्या ‘टॉईज इन द ॲटिक’ या ध्वनिमुद्रिकेनें मंडळीचें नांव सर्वतोमुखीं केलें. तेव्हां तेंच जुनें गाणें पुन्हां प्रसिद्ध करण्यांत आलें आणि १९७६ सालीं तें लोकप्रिय गाण्यांच्या राष्ट्रीय यादींत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलें.

कीर्तीबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर मादक द्रव्यें आलीं. टायलर व पेरी यांचें व्यसन इतकें सर्वश्रुत झालें कीं त्यांना ‘विषारी जुळे’ हें नांव पडलें. मैफली बिघडूं लागल्या, ध्वनिमुद्रणें रखडूं लागलीं. १९७९ च्या जुलैमध्यें क्लीव्हलँड येथील एका मोठ्या मैफलीच्या वेळीं रंगमंचामागें दोन वादकांच्या पत्नींची बाचाबाची झाली आणि पेल्यांतील दूध अंगावर फेकलें गेलें. निमित्त एवढेंच, पण दारूगोळा अगोदरच सांठलेला होता. टायलर-पेरींचें कडाक्याचें भांडण झालें आणि पेरी मंडळींतून बाहेर पडला. १९८१ सालीं व्हिटफर्डहि गेला. त्यांच्या जागीं दुसरे वादक घेण्यांत आले. ते अकुशल नव्हते. तरी १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेला पूर्वींचें यश लाभलें नाहीं. पेरीनें काढलेला स्वतंत्र संचहि फारसा फळला नाहीं. एकाचा कंठ आणि दुसऱ्याची गिटार हीं परस्परांचीं पूरक होतीं, हें विभक्त झाल्यावरच उघड झालें.

१९८४ सालीं पांचहि जण पुन्हां एकत्र आले. पण तुटलेलीं मनें जुळलीं म्हणजे गेलेले श्रोते परत येतातच असें नाहीं. १९८५ ची ध्वनिमुद्रिका थंडपणें स्वीकारली गेली. व्यसनेंहि सुटलीं नव्हतीं. अशा वेळीं मदत आली ती अगदीं अनपेक्षित दिशेनें.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील ‘रन-डीएमसी’ हे तीन कृष्णवर्णीय तरुण ठेक्यावर लयबद्ध शब्दफेंक करण्याच्या नव्या कलेंत, म्हणजे ‘रॅप’मध्यें, नांवारूपाला आले होते. एरोस्मिथच्या १९७५ सालच्या ‘वॉक धिस वे’ या गाण्याच्या आरंभींचा ड्रमचा ठेका तबकडी फिरवून पुनःपुन्हां वाजवावा आणि त्यावर आपले शब्द म्हणावे, असा त्या कलेंतील मंडळींचा प्रघात होता. निर्माता रिक रूबिन यानें सुचविलें, कीं केवळ ठेका न घेतां सबंध गाणेंच नव्यानें करावें. टायलर व पेरी यांना बोलावण्यांत आलें. १९८६ सालीं निघालेलें हें गाणें चौथ्या क्रमांकावर गेलें; मूळ गाणें दहाव्यापर्यंतच पोंचलें होतें. त्याच्या चित्रफितींत दोन संचांमधील भिंत फुटतांना दिसते. ब्लूजचें ऋण घेऊन उभ्या राहिलेल्या गोऱ्या मंडळीला पडत्या काळीं कृष्णवर्णीय तरुणांनींच हात दिला, ही इतिहासांतील योगायोगाची गोष्ट खरी. पण ती विसरण्याजोगी नाहीं.

त्याच वर्षीं टायलर व्यसनमुक्तीचे उपचार घेऊं लागला आणि इतरांनींहि तोच मार्ग धरला. १९८७, १९८९ आणि १९९३ सालच्या ध्वनिमुद्रिकांनीं गेलेलें वैभव परत आणलें. १९९८ सालीं डायेन वॉरन या गीतकर्त्रीनें ‘आर्मागेडन’ चित्रपटासाठीं रचलेल्या गाण्यानें त्यांना प्रथमच पहिला क्रमांक मिळवून दिला. तेव्हां मंडळीला २८ वर्षें झालीं होतीं. २००७ सालीं बंगलोरच्या श्रोत्यांनींहि त्यांना प्रत्यक्ष ऐकलें.

सप्टेंबर २०२३ मध्यें निरोपाचा दौरा सुरू झाला. क्रेमर त्यांत नव्हता. तिसऱ्याच मैफलींत टायलरच्या कंठाला गंभीर इजा झाली. जवळजवळ वर्षभर उपचार करून पाहिल्यावर, २ ऑगस्ट २०२४ रोजीं, दौरे कायमचे थांबवीत असल्याचें मंडळीनें जाहीर केलें. दुसरा गायक उभा करून तिकिटें विकणें अशक्य नव्हतें. कित्येक मंडळ्यांनीं तसें केलेलें आहे. परंतु माणूस बदलून मेळ टिकत नाहीं, हा धडा एरोस्मिथनें १९७९ नंतरच्या पांच वर्षांत मोठी किंमत देऊन घेतला होता. पंचेचाळीस वर्षांनीं तो तिला आठवला असावा.