एकसष्टाचें कोडें

१७६६३१९०४९ ही संख्या वरवर पाहतां निरर्थक वाटते. पण तिच्या वर्गांतून एक वजा करून बाकीस ६१ नें भागावें, म्हणजे नेमका २२६१५३९८० चा वर्ग हातीं येतो. एक सोडल्यास हा गुण असलेली यापेक्षां लहान पूर्ण संख्या नाहीं. ६० साठीं ३१ पुरतात, ६२ साठीं ६३. मधल्या ६१ लाच दहा अंक लागावे हें नवल नव्हे काय?

इ. स. १६५७ मध्यें फ्रान्समधील फर्मानें समकालीन गणित्यांस हेंच कोडें घातलें. भास्कराचार्यांनीं तें इ. स. ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त चक्रवाल रीतीनें सोडविलें होतें. आरंभ अगदीं साधा: ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. पुढें ३९ चा वर्ग ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ नें उणा. येथून, जुन्या उत्तरांपासून नवें उत्तर जुळविण्याची ब्रह्मगुप्ताची 'भावना' शेवटास नेते.

ऑयलरच्या गैरसमजानें या समीकरणास पेलचें नांव चिकटलें, तें आमच्या महाविद्यालयांतून अजून चालतें. कोलब्रुकचें इंग्रजी भाषांतर १८१७ सालीं निघाल्यावरही तें सुटलें नाहीं. तथापि फर्मानें भास्करांकडून उसनें घेतलें, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं; त्यास पुरावा नाहीं. शिवाय आपली रीत नेहमींच फळास येईल याची सिद्धता भास्करांनीं दिली नाहीं. अशा समीकरणांस उत्तर असतेंच, हें अठराव्या शतकांत लाग्रांजनें सिद्ध केलें.