सोल संगीताच्या चोरट्या तबकड्या : पारख

हक्कधारकाच्या परवानगीवाचून काढलेल्या तबकडीला बूटलेग म्हणतात. अमेरिकन सोल संगीताच्या सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या दुर्मिळ तबकड्यांत अशा प्रतींचा सुळसुळाट 1970 च्या दशकात इंग्लंडमध्ये झाला. मँचेस्टरचा ‘ट्विस्टेड व्हील’, 1973 ते 1981 या काळातला ‘विगन कसिनो’ अशा उत्तरेकडील क्लबांत रात्रभर नाचणाऱ्या तरुणांना 1960 च्या दशकातील डेट्रॉइट, शिकागोची वेगवान, पण मायदेशी न खपलेली गाणी हवी असत. पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी या आवडीला दिलेले ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव रूढ झाले. मूळ प्रत एखाद्याच डीजेकडे असे आणि ऐकलेले गाणे घरी न्यायला सगळेच आतुर. ती गरज चोरट्या प्रतींनी भागवली. त्यांतून गायक-वादकांना काहीच मिळाले नाही, हा या व्यवहारातला खरा अन्याय.

पारख करताना अनेक जण आधी लेबल पाहतात. मूळ लेबलाचा फोटो काढून छापलेल्या लेबलावर बारीक अक्षरे फुगतात, रंग किंचित वेगळा येतो. पण चांगल्या छपाईने एवढे लपवता येते. त्याहून भरवशाची जागा म्हणजे शेवटची खाच आणि लेबल यांमधला गुळगुळीत पट्टा. गाणे प्रथम ज्यावर कापले जाते त्या मूळ लॅकर तबकडीवर कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक व खुणा धातूच्या साच्यांतून प्रत्येक प्रतीवर उतरतात. साचे हाती नसलेल्याला गाणे नव्याने कापावे लागते, म्हणून खुणाही नव्याने कोराव्या लागतात. न्यूयॉर्कच्या ‘बेल साउंड’ स्टुडिओचा ठसा, लॉस एंजेलिसच्या ‘मोनार्क’ कारखान्याचा त्रिकोण व त्यापुढचा क्रमांक अशा खुणा जिथे असायला हव्यात तिथे नुसते हाताने ओरखडलेले आकडे दिसले, तर संशय रास्त ठरतो. मात्र अस्सल तबकड्यांवरही हस्ताक्षर आढळते. त्यामुळे खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

तबकडी कशाची आहे हेही पाहावे. अनेक अमेरिकन कारखाने व्हिनाइलऐवजी स्टायरीन वापरत. ते ताठ असते, नखाने टिचकी मारली की कडक आवाज येतो. एखादे गाणे फक्त स्टायरीनवर निघाल्याचे पक्के ठाऊक असेल, तर त्याची व्हिनाइल प्रत मूळ असू शकत नाही. स्टायरीन सुईने लवकर झिजते. अशा झिजलेल्या तबकडीवरून नक्कल केली, की खरखर आणि फाटलेला आवाज नव्या प्रतीत कायमचा उतरतो. पृष्ठभाग चकचकीत, ओरखडा एकही नाही आणि तरी गाणे कुरकुरते, ही नकलेची बोलकी खूण आहे.

चोरट्या प्रतींचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रँक विल्सन यांच्या ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ या गाण्याचे. मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ लेबलसाठी 1965 मध्ये छापलेल्या प्रती विक्रीला न आणता नष्ट करण्यात आल्या. त्यांतून मोजक्याच वाचल्या. 2009 मध्ये एकीला 25 हजार पौंडांहून अधिक किंमत आली. 1970 च्या दशकात हेच ध्वनिमुद्रण चोरट्या तबकडीवर एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाने निघाले आणि नाचणाऱ्यांनी तो आवाज फॉस्टर यांचाच मानला. गाणे विल्सन यांच्या नावाने ब्रिटनमध्ये अधिकृतपणे निघाले ते 1979 मध्ये, ‘टॅमला मोटाउन’ लेबलवर. ही तबकडी बूटलेग नव्हे, पुनर्प्रकाशन होय. कोणत्याही सूचीत या दोहोंची नोंद वेगळी ठेवावी.