नियम आणि निष्ठा : निजामी राजवटीतील मराठी शाळा व शिक्षक

हैदराबादेतील मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ दोन संस्थांपासून करावा लागतो. एक वाचनालय व दुसरी शाळा. १८९५ मध्ये शालीबंडा भागात भारत गुणवर्धक संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर दहाबारा वर्षांतच विवेकवर्धिनी शाळा निघाली. पुढील पिढीत ग्रंथालयांना जे वाचक, कार्यकर्ते आणि विश्वस्त लाभले, त्यांच्या घडणीत अशा शाळांचा वाटा मोठा होता. त्यामुळे ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने या शाळांचे व तेथील शिक्षकांचे स्मरण करणे उचितच ठरेल. मात्र हे स्मरण केवळ कृतज्ञतेचे असून भागणार नाही. त्या काळी शाळेवर राज्याचे नियम होते, विद्यार्थ्यांवर शाळेचे नियम होते आणि काही थोड्या शिक्षकांनी स्वतःवर घालून घेतलेले नियम त्या दोहोंपेक्षा कडक होते. या तीन प्रकारच्या नियमांचा परस्परसंबंध समजून घेतल्याशिवाय त्या शिस्तीचे खरे मोल कळत नाही.

राज्याचे नियम

निजामाच्या राज्यात मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. तेलुगू भाषकांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. उर्दू ही मातृभाषा असणारे सुमारे बारा टक्के. पण राज्यकारभाराची, न्यायालयांची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. सरकारी शाळांच्या पायऱ्यांची नावेही त्याच भाषेतील. प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, मधली शाळा म्हणजे वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. शिक्षक मुदर्रिस आणि तपासणीस येणारा अधिकारी मोहतमीम. दप्तरातील साल फसली आणि महिने आजूर, दै, बहमन असे. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला कागदोपत्री स्थान असले, तरी वरच्या इयत्तांत पाऊल टाकताच मराठी मुलाला परक्या भाषेतून गणित, इतिहास व विज्ञान शिकावे लागे.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो देशातील पहिला मोठा प्रयोग होता. त्यासाठी १९१७ मध्ये भाषांतराचे स्वतंत्र खाते, दारुल तर्जुमा, काढण्यात आले आणि विज्ञान, कायदा, वैद्यक अशा विषयांतील ग्रंथ उर्दूत आणले गेले. या उपक्रमाचे शैक्षणिक महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्या तत्त्वावर तो उभा होता, ते तत्त्व तेलुगू, मराठी व कानडी मुलांना मात्र लागू झाले नाही. इंग्रजीच्या जागी उर्दू आली. या मुलांच्या दृष्टीने एका परक्या माध्यमाची जागा दुसऱ्याने घेतली, इतकेच.

मग खासगी शाळा काढाव्यात, तर तेथेही अडसर होता. १९२० च्या दशकाच्या मध्यास खानगी मदरशांसंबंधी नियम निघाले आणि सरकारी परवानगीवाचून शाळा चालविणे अशक्य झाले. गावोगावी एखादा पंतोजी ओसरीवर मुले जमवून अक्षरओळख व पाढे शिकवीत असे, त्या लहान शाळांना या नियमांचा विशेष फटका बसला. १९२९ ची गश्ती निशाण ५३ तर सर्वपरिचित आहे. सभा भरविण्यापूर्वी परवानगी घेण्याचे बंधन तिने घातले. आखाड्यांवरही परवानगीचे बंधन आले. म्हणजे शाळा, सभा आणि व्यायाम या तिन्ही वाटांवर पहारा बसला.

शाळेची शिस्त

या वातावरणात विवेकवर्धिनीसारखी संस्था उभी राहिली आणि टिकली. तिच्या उभारणीत केशवराव कोरटकर व वामन नाईक यांचा पुढाकार होता. केशवराव मूळचे परभणी जिल्ह्यातील. वकिलीत नाव मिळवून पुढे ते राज्याच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयाच्या स्थापनेतही (१९०७) त्यांचा हात होता. चित्रकार म्हणून हैदराबादेत स्थायिक झालेले पंडित श्री. दा. सातवळेकर हेही या आरंभीच्या कार्यात होते. त्यांच्या वैदिक लेखनातील राष्ट्रीय सूर सत्ताधाऱ्यांना खटकला आणि त्यांना हैदराबाद सोडावे लागले. शिक्षणाचे काम करणाऱ्यांवर राज्याची नजर असणे ही या नगरीला नवी गोष्ट नव्हती. १८८३ मध्ये चांदा रेल्वे योजनेला विरोध केला म्हणून अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्यासारख्या विद्वान प्राचार्यांना संस्थानाबाहेर घालविण्यात आले होते. सरोजिनी नायडू या त्यांच्या कन्या.

पुण्यात १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तो आदर्श हैदराबादेतील या मंडळींपुढे होता. परंतु दोन ठिकाणच्या परिस्थितीत फार अंतर होते. पुण्यातील शाळेने सरकारवर टीका केली तरी तिच्या पाठीशी वृत्तपत्रे होती, जाहीर सभा होत्या. हैदराबादेत मराठी साप्ताहिक म्हणावे असे ‘निजाम विजय’ १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटकांनी काढले. तोवर, आणि पुष्कळ अंशी त्यानंतरही, शाळेला स्वतःचे रक्षण स्वतःच्या चोख कारभारानेच करावे लागे. हजेरीपटातील खाडाखोड, वेळापत्रकातील हयगय, निकालातील घसरण, यांपैकी काहीही मान्यतेवर बेतू शकत होते. खासगी मराठी शाळांत जो करडेपणा होता, त्याचे एक कारण येथे सापडते. मुलाने वेळेवर यावे, शुद्ध लिहावे, पाठांतर पक्के करावे, याबद्दलचा आग्रह हा केवळ शिक्षकाच्या स्वभावाचा भाग नव्हता. एका विद्यार्थ्याच्या हयगयीची किंमत साऱ्या शाळेला मोजावी लागेल, ही धास्ती त्यामागे होती.

या शिस्तीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. त्या काळच्या शाळेत छडी होती आणि ती सढळ हाताने चालत असे. शिक्षेच्या भीतीने शाळा कायमची सोडणारी मुलेही होतीच आणि ती बहुधा गरीब घरांतील, पहिल्यांदाच अक्षर गिरविणारी असत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी घातली. जुन्या शिक्षकांचा गौरव करताना या बंदीची चेष्टा करण्याची प्रथा पडली आहे, ती योग्य नव्हे. छडीमुळे जे शिकले त्यांचा अनुभव ऐकावयास मिळतो. छडीमुळे जे शिकले नाहीत, ते स्मरणिकेत लेख लिहावयास येत नाहीत.

१९२१ ची परिषद

शिस्तीची खरी कसोटी वर्गाबाहेर लागते. तसा एक प्रसंग विवेकवर्धिनीच्याच आवारात घडला आणि मराठी समाजाने तो प्रामाणिकपणे आठवावा असा आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये तेथे सामाजिक परिषदेचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू व मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. परंतु आलंपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवून, हुर्यो करून त्यांना खाली बसविले. या श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. आपली भाषा शाळेतून हद्दपार झाल्याचे दुःख ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच शेजाऱ्याच्या भाषेचा असा उपमर्द करावा, हे शोचनीय होते.

त्या अपमानातून आंध्र जनसंघाचा जन्म झाला. परिषदेतून उठून गेलेल्या मंडळींनी टेकुमल्ल रंगराव यांच्या घरी बैठक भरविली आणि स्वतंत्र संघटनेचा निश्चय केला. माडपाटी हनुमंतराव व बुर्गुल रामकृष्णराव हे तिचे आरंभीचे कार्यकर्ते. बुर्गुल हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले. पुढे १९५२ मध्ये ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. या जनसंघातूनच आंध्र महासभा उभी राहिली आणि तिचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये जोगीपेठ येथे भरले. मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरावयास १९३७ साल उजाडले. ज्यांची हुर्यो उडविली ते संघटनेत सात वर्षे पुढे गेले.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. माडपाटी हनुमंतरावांनी १९२८ मध्ये नारायणगुडा येथे मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. संस्थानात त्या माध्यमाच्या हायस्कूलला मान्यता मिळेना. तेव्हा ती शाळा कर्व्यांच्या महिला विद्यापीठाशी संलग्न करण्यात आली. ज्या परिषदेत तेलुगूचा अवमान झाला तिच्या अध्यक्षांनी स्थापन केलेल्या विद्यापीठाने तेलुगू मुलींना परीक्षेचे दार उघडून दिले. आपल्या भाषेवरील निष्ठा खरी असेल तर ती दुसऱ्याच्या भाषेला वाट करून देते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

शिक्षकाचे स्वतःवरील नियम

हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्याचे पुढारपण मोठ्या प्रमाणावर शिक्षकांमधून आले. त्याची वाट शहरातील नव्हे, तर जिल्ह्यातील एका खेड्यातून जाते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. १९२९ मध्ये तेथे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश खेडगीकर आले. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेला, टिळक महाविद्यालयाच्या परंपरेत शिकलेला हा तरुण आजारपणानंतर एका आडगावच्या शाळेत दाखल झाला आणि तेथेच असताना त्याने संन्यास घेतला. हेच स्वामी रामानंद तीर्थ.

संन्यास घेऊनही त्यांनी शाळा सोडली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांबरोबर राहावयाचे, त्यांच्याइतकेच साधे जीवन जगावयाचे आणि जे नियम मुलांना सांगावयाचे ते प्रथम आपण पाळावयाचे, अशी त्यांची रीत होती. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी याच सुमारास अशाच मार्गाने जात होते. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. तेथे बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी होते. तिकडे औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ हे गणिताचे शिक्षक सरकारी नोकरीतून बाहेर पडून चळवळीत आले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला. ते तुरुंगात गेले तेव्हा विद्यार्थ्यांना त्याचे आश्चर्य वाटले नसावे. स्वतःवर बंधन घालणारा माणूस अन्यायाचे बंधन का मानीत नाही, हे त्यांनी वर्गातच पाहिले होते.

नियमाला नकार

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा प्रश्न विद्यापीठाच्या दारात येऊन उभा राहिला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या व उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही आणि शेकडोंच्या संख्येने त्यांची नावे पटावरून कमी करण्यात आली. शेरवानीचा ठराविक पोशाख, ठराविक भाषा आणि आता ठराविक प्रार्थना, ही नियमांची साखळी त्यांना असह्य झाली होती.

ही मुले बेशिस्त नव्हती. पुष्कळशी मध्यमवर्गीय किंवा शेतकरी घरांतील, वर्ष फुकट जाऊ नये म्हणून जपणारी होती. त्यांना दुसरीकडे प्रवेश मिळणेही दुरापास्त झाले. अखेर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीच एक. केदारांनाही नियमावर बोट ठेवून दार बंद करता आले असते. त्यांनी नियम कशासाठी असतो याचा विचार केला आणि त्यामुळे एका पिढीचे शिक्षण वाचले.

वारसा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबादेतील मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य म्हणून मागे राहिला. विवेकवर्धिनीचा विस्तार महाविद्यालयापर्यंत झाला. १९४० मध्ये केशवरावांच्या स्मरणार्थ निघालेली केशव मेमोरियल ही संस्थाही वाढली. आज मराठी शिकविण्यास कोणत्याही गश्तीची आडकाठी नाही. तरीही मराठीच्या वर्गातील बाके रिकामी होत आहेत, कारण घराघरांतून इंग्रजी माध्यमाची निवड होत आहे. पालकांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्या काळीही पोटाचा प्रश्न होता आणि सरकारी नोकरीची वाट उर्दूतूनच जात होती. तरी लोकांनी मुले मराठी शाळेत पाठविली, कारण तेथील शिक्षकावर त्यांचा विश्वास होता.

तो विश्वास छडीने किंवा वेळापत्रकाने निर्माण झाला नव्हता. जो गुरुजी स्वतः वेळेवर येई, अल्प वेतनात दुसरी वाट न शोधता राही आणि प्रसंग पडताच नोकरीवर पाणी सोडण्यास तयार असे, त्याच्या कडकपणालाही लोक मान देत. ग्रंथालयाचे कामही याच जातीचे आहे. वेळेवर दार उघडणे, पुस्तकाची नोंद चोख ठेवणे आणि येणाऱ्या वाचकाला, त्याची घरची भाषा कोणतीही असो, आदराने बसविणे, हे नियम शंभर वर्षे पाळले जातात तेव्हाच संस्था टिकते. दुसऱ्या शतकात पदार्पण करताना एवढा वारसा जपला, तरी त्या शिक्षकांचे ऋण काही अंशी फिटेल.